आरोल्सन आर्काइव्हजचं ‘एव्हरी नेम काउंट्स’: घरी बसून नावं उतरवण्याचं काम

जर्मनीत बाड आरोल्सन नावाच्या लहानशा गावात एक प्रचंड दप्तर आहे, आरोल्सन आर्काइव्हज. नाझींनी ज्यांना पकडलं, राबवलं, मारलं, त्यांचे सुमारे तीन कोटी कागद तिथे जपलेले आहेत आणि त्यांत पावणेदोन कोटी माणसांचा उल्लेख येतो. महायुद्धानंतर ताटातूट झालेल्यांचा माग काढण्यासाठी हे काम सुरू झालं. २०१३ मध्ये युनेस्कोनेही या संग्रहाची दखल घेतली. २०२० पासून ‘एव्हरी नेम काउंट्स’ या उपक्रमात ही संस्था तुमच्या-माझ्यासारख्यांकडून मदत घेते आहे. स्कॅन केलेलं कार्ड पडद्यावर येतं, त्यावरचं नाव, जन्मतारीख, कैदी क्रमांक वाचून रकान्यात भरायचा. मग कुणी नातवंड आपल्या आजोबांचं नाव टाकून शोधेल, तेव्हा तो कागद सापडेल.

माझी सगळी नोकरी मोडी वाचण्यात झाली. पेशवे दफ्तरातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडताना कागदाचा तुकडा पडला तर एक माणूस हरवतो, हे तिथेच शिकले. म्हणून या सेवेकडे मी आधी वाचनाच्या अंगाने पाहिलं, आणि त्या बाबतीत समाधान झालं. एक कार्ड एकाच माणसाच्या भरवशावर सोडत नाहीत. तेच कार्ड वेगवेगळ्या लोकांकडे जातं आणि उत्तरं ताडून पाहिली जातात. कुठल्या रकान्यात काय असतं, हे शेजारी चित्रासह समजावलेलं असतं. जर्मन येण्याची गरज नाही. तारीख आपल्यासारखीच दिवस, महिना, वर्ष अशी. अडतं ते अक्षरापाशी. तिथला हाताने लिहिलेला १ आपल्याला ७ वाटतो, आणि खरा ७ ओळखायचा तो मधल्या आडव्या रेघेवरून. जुन्या जर्मन वळणात ‘ई’ आणि ‘एन’ जवळजवळ सारखेच दिसतात. ज्यांनी शिरोरेघेला लटकलेली, न तोडलेली मोडी वाचली आहे त्यांना हे जमेल. इतरांनी टंकलिखित कार्डांपासून सुरुवात करावी.

पण मला सांगायचं आहे ते कार्डांवरच्या मजकुराबद्दल. कैद्याच्या कार्डावर उंची, नाकाचा आकार, दात, केस, येणाऱ्या भाषा, आई-वडिलांची नावं, धंदा असं सगळं असतं. दुसऱ्या एका प्रकारच्या कार्डावर त्याच्याकडून काढून घेतलेल्या वस्तू: टोपी, कोट, सदरे, बुटांचा जोड, आणि खाली त्याची सही. एक शिंपी होता, पोलंडमधल्या लोड्झ शहरचा, माझ्या वडिलांच्याच वयाचा. सही ठसठशीत, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट. साठ लाख ज्यू मारले गेले हे मी शाळेपासून ऐकत आले. त्या सहीपाशी मात्र मला उठून खिडकीत उभं राहावं लागलं.

आमच्या वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीतली नववी-दहावीची मुलं सुट्टीत माझ्याकडे येऊन बसतात. हिटलरचं पुस्तक पुण्यात कुठल्याही पथारीवर मिळतं आणि त्यांतल्या दोघांनी ते ‘शिस्तीसाठी’ वाचलंही होतं. त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी मी त्यांना कार्डं वाचायला दिली. एकाने विचारलं, ‘आजी, याचा गुन्हा काय लिहिलाय?’ आम्ही शोधलं. अटकेच्या कारणाच्या जागी फक्त ‘ज्यू’ असं होतं. ही मुलं पुण्याच्या कॅम्प भागातल्या लाल देवळावरून रोज क्लासला जातात. डेव्हिड ससून यांनी १८६३ मध्ये बांधायला घेतलेलं ते सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, आणि आमच्या रास्ता पेठेतलं बेने इस्रायलींचं, म्हणजे मराठी ज्यूंचं. त्याच धर्माची ही माणसं, हे कळल्यावर खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

शिक्षकांनी हे वर्गात जरूर वापरावं, पण दोन गोष्टी आधी सांगून. पहिली: ही कार्डं मारणाऱ्यांनी लिहिलेली आहेत. कोण ‘गुन्हेगार’, कोण ‘समाजविघातक’, हे त्यांनी ठरवलेलं होतं. मुलांनी ते शब्द निकाल म्हणून घेऊ नयेत. दुसरी जास्त महत्त्वाची. आउशवित्झच्या नाझी छावणीत सुमारे तेरा लाख माणसं नेली गेली आणि त्यांतली जवळजवळ अकरा लाख मारली गेली. नोंद झाली ती फक्त चार लाखांची. बाकीच्यांपैकी बहुतेकांना, त्यांत लहान मुलं, म्हातारे, लेकुरवाळ्या बायका, गाडीतून उतरवल्यावर थेट गॅस चेंबरकडे पाठवलं. त्यांचं कैदी कार्ड कधी बनलंच नाही. म्हणजे या पडद्यावर जे येतं ते सगळं नाही. हे न सांगता मुलांना कामाला लावलं तर त्यांच्या मनात अर्धाच इतिहास राहील.

मराठीत हे पान नाही. इंग्रजीत चालतं, पण आपल्याकडच्या मराठी माध्यमाच्या शाळांसाठी कुणीतरी सूचनांचा तरी अनुवाद करून द्यायला हवा. मी करायला तयार आहे.

पैसे लागत नाहीत, नाव नोंदवण्याचीही सक्ती नाही. मोबाइलवर करू नका, अक्षर मोठं करून पाहता येईल असा संगणक घ्या. वर्गात करायचं तर दोघा-दोघांच्या जोडीला एकच कार्ड द्या आणि तासिकेची शेवटची दहा मिनिटं नकाशासाठी राखून ठेवा: जन्मगाव कुठे, छावणी कुठे. मुलांना स्वतः बोट ठेवून दाखवू दे.