नाकाच्या ऑपरेशनला वर्ष होत आलं: सुजेचा माझा हिशोब

आधी निकाल सांगून टाकते: नाक छान झालंय. पण दिवाळीच्या आधी काही महिने विचारलं असतंत तर मी हे म्हटलं नसतं, आणि उन्हाळ्यात विचारलं असतंत तर उलटंच सांगितलं असतं. मधल्या काळात नाकावर कुणी हात चालवला नाही. फक्त सूज उतरली.

राइनोप्लास्टीचा, म्हणजे नाकाचा आकार बदलणाऱ्या या ऑपरेशनचा, विचार करणाऱ्या ओळखीच्या मुली मला विचारतात ते हेच, की दुखलं का, डाग राहिला का, रजा किती टाकली. सुजेचं कुणी विचारत नाही. माझ्या मते पैसे भरण्याआधी नीट समजून घ्यायची गोष्ट तीच आहे.

माझं प्रकरण थोडक्यात. नाकाच्या दांडीवर उंचवटा, शेंडा खाली झुकलेला, आतला पडदा जरा वाकडा. त्वचा जाड आणि तेलकट. ऑपरेशन ओपन पद्धतीनं झालं, म्हणजे दोन नाकपुड्यांच्या मधे खालून बारीक छेद घेऊन कातडी वर उचलतात आणि आतलं काम डोळ्यांसमोर करतात. उंचवटा काढला, दोन्ही बाजूंची हाडं कापून जवळ आणली, पडद्यातलीच कूर्चा घेऊन शेंड्याला आधार दिला. यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा, ओपन छेद आणि जाड त्वचा, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळेच लांबलं.

पहिला आठवडा दिसायला भयंकर आणि सोसायला सोपा. दुखणं फारसं नाही, वैताग जास्त. नाक आतून चोंदलेलं, तोंडानं श्वास, घसा कोरडा, झोप अर्धवट. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते हे आधी सांगितलेलं होतं म्हणून बरं, नाहीतर तिसऱ्या दिवशीचा चेहरा बघून घरच्यांनी रिक्षा बोलावली असती. डोळ्यांखालचं काळंनिळं हळूहळू गालावर उतरलं, मग हिरवट झालं, मग पिवळं. बर्फाचा शेक डोळ्यांवर आणि गालांवर द्यायचा, नाकावर नाही. डोकं वर ठेवून झोपायचं. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. त्या काळात तिखट जपून खा. मामलेदारची मिसळ खाऊन नाक गळायला लागलं की पुसताही येत नाही आणि शिंकरताही येत नाही.

आठवड्यानं वरचं प्लास्टर, आतल्या सिलिकॉनच्या पट्ट्या आणि टाके निघाले. त्या क्षणाबद्दल सगळे फार भारावून बोलतात. मला दिसलं ते असं: दांडी रुंद, शेंडा वर उचललेला आणि गोल, त्यावर आठवडाभराचं तेल आणि ब्लॅकहेड्स. वरचा ओठ ताठ, हसले की ओठ हलायचाच नाही. आई म्हणाली, "अगं, ठीक आहे की." आईचा तो "ठीक आहे की" ज्यांनी ऐकलाय त्यांना कळेल. शिवाय प्लास्टरचा दाब गेल्यावर पुढचे दोन-तीन दिवस सूज पुन्हा थोडी वाढते. ते मला माहीत होतं, तिला नव्हतं.

आता मुख्य मुद्दा. सूज सगळीकडून सारखी उतरत नाही. वरून खाली उतरते. दांडीच्या मधोमध त्वचा सगळ्यात पातळ असते, तिथला आकार महिन्या-दीड महिन्यात दिसायला लागतो. शेंडा आणि शेंड्याच्या लगेच वरचा भाग इथली त्वचा जाड, आणि ओपन छेदात तिथून पाणी वाहून नेणाऱ्या बारीक वाहिन्या कापल्या गेलेल्या असतात. त्या पुन्हा जुळेपर्यंत पाणी तिथेच साचतं. म्हणून मधल्या काळात एक विचित्र अवस्था येते: वर दांडी बारीक झालेली, खाली शेंडा तसाच फुगलेला. ऑपरेशनच्या आधी जे नाक एकसंध तरी होतं ते आता दोन वेगळ्या माणसांकडून आणल्यासारखं दिसतं. बाजूनं पाहिलं तर शेंड्याच्या वर किंचित फुगवटा, आणि त्यामुळे पुन्हा पोपटासारखी वळणाची रेघ. ज्याच्यासाठी पैसे मोजले तेच परत आलं असं वाटतं.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मी या टप्प्यावर होते, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त लोक इथेच कोसळतात. कारण पंधरा दिवसांत काळंनिळं गेलेलं असतं, ऑफिसात कुणाला काही कळत नाही, म्हणजे जगाच्या लेखी तुम्ही बऱ्या झालेल्या असता. शेंडा बसायला साधारण वर्ष लागतं, जाड त्वचेत दीड ते दोन वर्षंही. हे कन्सल्टेशनला सांगतात, पण एका वाक्यात, आणि आपण तेव्हा स्क्रीनवरच्या फोटोंकडे बघत असतो.

त्या फोटोंबद्दल. 'आधी' आणि 'नंतर' दाखवतात तेव्हा 'नंतर'चा फोटो कितव्या महिन्यातला आहे ते विचारा, आणि आपल्यासारख्या जाड त्वचेचं नाक दाखवायला सांगा. पातळ त्वचेचं नाक तीन महिन्यांत रेखीव दिसतं, त्यावरून स्वतःचा अंदाज बांधू नका. मी ठाण्यात दोन ठिकाणी दाखवलं होतं, एक नौपाड्यात आणि एक घोडबंदर रोडला. एका ठिकाणी हा प्रश्न विचारल्यावर टॅब लगेच बंद झाला. मी दुसरीकडे गेले.

रोजचा चढउतार वेगळाच. सकाळी नाक जाड, संध्याकाळी जरा बारीक, कारण रात्रभर आडवं पडल्यावर पाणी चेहऱ्यावर येतं. रात्री पापड-लोणचं झालं की दुसऱ्या दिवशी शेंडा घट्ट लागायचा. उन्हात चालून आले, खाली वाकून फरशी पुसली, सर्दी झाली, तरी तेच. एप्रिल-मे महिन्यात दुपारी ऐरोली स्टेशनवर ट्रान्स-हार्बर लोकलची वाट बघताना नाक तापून जड व्हायचं, हे मला मोजून दाखवता येणार नाही, पण जाणवायचं. बधिरपणाही होताच, शेंड्यावर बोट ठेवलं तर दुसऱ्याच्या नाकाला हात लावल्यासारखं वाटायचं. तो आता बराच गेलाय, टोकाला थोडा आहे.

म्हणून रोज आरसा बघून काही कळत नाही. मी एक नियम केला आणि तो खरंच कामाला आला: महिन्यातून एकदाच फोटो, तोही सेल्फी नाही. हॉलच्या खिडकीशी उभं राहायचं, भावानं पाच फुटांवरून काढायचा, समोरून आणि दोन्ही बाजूंनी. सेल्फी का नाही, तर फोन चेहऱ्याच्या जवळ असला की नाक फुगतं. 12 इंचांवरून काढलेल्या फोटोत ते पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतं असं अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 2018 मध्ये गणित मांडून दाखवलंय. ऑपरेशन झालेल्या माणसानं फ्रंट कॅमेऱ्यावरून नाकाचा निकाल लावणं म्हणजे स्वतःला उगीच छळणं.

टेप. रात्री शेंड्याच्या वर कागदी टेप घट्ट लावून झोपायला सर्जननी सांगितलं होतं, जाड त्वचेला दाबानं फायदा होतो म्हणून. हिवाळ्यात छान चिकटला. जूनपासून ठाण्याच्या दमटपणात तो पहाटेपर्यंत उशीला चिकटलेला सापडायचा, आणि त्याखाली पुरळ. शेवटी त्यांनाच विचारून पावसाळ्यात बंद केला. फरक पडला का? पडला असावा. शपथेवर सांगणार नाही.

स्टेरॉइडचं इंजेक्शन (ट्रायमसिनोलोन) शेंड्यावरच्या फुगवट्यात देतात, तेही द्या म्हणून मी विचारून पाहिलं. सर्जन म्हणाले, थांबू. जास्त किंवा घाईनं दिलं तर त्वचा पातळ होऊन खड्डा पडू शकतो, आणि सूज एरवीही उतरतच असते. तेव्हा राग आला. आता वाटतं की सुई मारून मला खूश करणं त्यांना सोपं होतं, तरी त्यांनी केलं नाही, म्हणून माझ्याकडून त्यांना पूर्ण गुण.

चष्मा असेल तर आधीच लेन्सची सोय करा. हाडं बसेपर्यंत, म्हणजे चार-सहा आठवडे, दांडीवर वजन नको. फुल-फेस हेल्मेट डोक्यात घालताना नाकावरून घासून जातं, तेव्हा स्कूटरही तेवढा काळ विसरा. लोकलच्या लेडीज डब्यात तर माझं सगळं लक्ष शेजारणीच्या कोपराकडे असायचं. छेदाचा डाग आता शोधावा लागतो, पण आपल्या त्वचेवर उन्हानं डाग काळा पडतो, त्यामुळे सनस्क्रीन चुकवला नाही.

आणि नथ. हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं. चमकी ऑपरेशनच्या आधी काढून ठेवावी लागली, आणि दाबाची नथ सहा महिने नको असं सांगितलं, कारण ती नाकपुडीच चिमटते. मे महिन्यात मामेबहिणीचं लग्न डोंबिवलीला. मामी म्हणाली, "नथीशिवाय नऊवारी? मग पंजाबी ड्रेसच घाल की." मी नथीशिवायच नेसले. मावशीनं मग ही सगळी परदेशी थेरं असल्याचं जाहीर केलं. तिला मी सांगितलं की टिपूच्या लढाईत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या मराठी गाडीवानाला कपाळाची कातडी वळवून नवं नाक करून दिलं ते आपल्या पुण्यात, आणि 1794 मध्ये लंडनच्या मासिकात त्याचं चित्र छापून आलं तेव्हा तिकडचे डॉक्टर ते शिकले. मावशीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, त्याचं कापलं होतं, तुझं होतं की.

तिच्या या वाक्याचा पैशांशी थेट संबंध आहे. केवळ दिसण्यासाठी केलेलं ऑपरेशन मेडिक्लेममध्ये बसत नाही, आणि त्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. अपघातानं किंवा जन्मतः बिघडलेलं नाक दुरुस्त करणं या करातून सुटतं. मला पहिल्यांदा सांगितलेल्या आकड्यात हा कर धरलेलाच नव्हता. वाकड्या पडद्याचं काम श्वासासाठी असतं, त्याचा क्लेम वेगळा होऊ शकतो, पण बिलं वेगळी हवीत आणि कंपनीची परवानगी आधी. वर्षभराचे फॉलोअप पॅकेजमध्ये आहेत का, आणि काही राहिलंच तर दुरुस्तीचा खर्च कोण करणार, हे लेखी घ्या. दुरुस्ती वर्षाच्या आत सहसा करत नाहीत, सूज असताना नेमकं काय दुरुस्त करायचं तेच दिसत नाही. मी ते कागदावर सही करून घेतलं होतं. पुढचा फॉलोअप जानेवारीत आहे.