शिमानो एमटी२००: घाट उतरताना स्वस्त हायड्रॉलिक ब्रेक कितपत पुरतो?

रविवारी पहाटे चार-पाच जणांनी सायकली काढायच्या, गोळेवाडीहून सिंहगड चढायचा, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन खाली यायचं, हा पुण्यातला फिट राहण्याचा जुना मार्ग आहे. चढात दम लागतो, पण नेमाने गेलं तर महिन्या-दोन महिन्यांत तो आवरतो. उताराचं तसं होत नाही. केबलच्या डिस्क ब्रेकवर आठ-नऊ किलोमीटर उतरलं की पंजापासून कोपरापर्यंत हात भरून येतो आणि बोटं वाकेनाशी होतात. मग पुढच्या शनिवारी रात्री एकेकाचे "उद्या जमत नाही रे" असे निरोप यायला लागतात. आमच्या मते सायकलचे ग्रुप चढापेक्षा उतारामुळे जास्त फुटतात. म्हणूनच तीस-चाळीस हजारांच्या हार्डटेलवर (फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या माउंटन बाइकवर) पहिला खर्च कशावर करायचा, या प्रश्नाला आमचं उत्तर ब्रेक हेच आहे. फोर्क (पुढचं सस्पेन्शन) आणि गिअर नंतर बघता येतात.

शिमानोच्या माउंटन बाइकसाठीच्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये एमटी२०० अगदी खालच्या पायरीवर आहे. कॅलिपरमध्ये (चाकाजवळच्या, पॅड दाबणाऱ्या भागात) दोन पिस्टन, आत केबलऐवजी जोर पोचवणारं मिनरल ऑइल, लिव्हर लांब आणि साधी. लिव्हर हँडलपासून किती लांब ठेवायची ते एका बारीक स्क्रूने ठरवता येतं, पण पॅड कुठे टेकावेत हे ठरवायची सोय नाही. दिसायलाही तो बेताचाच आहे. वापरताना मात्र केबलच्या ब्रेकशी तुलनाच नको. बऱ्याच स्वस्त केबलच्या ब्रेकमध्ये एकाच बाजूचा पॅड सरकतो आणि रोटरला (चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला) वाकवून दुसऱ्या पॅडवर टेकवतो. त्यात केबलमध्ये चिखल गेला की निम्मं बळ केबल ओढण्यातच जातं. इथे दोन्ही पॅड एकदम येतात, आणि पॅड झिजतील तसे पिस्टन आपोआप पुढे सरकत असल्यामुळे दर आठवड्याला स्क्रू पिळत बसावं लागत नाही. तर्जनी आणि मधलं बोट एवढ्यावर सिंहगड उतरता येतो. हाताला सवय झाली की एक बोटही पुरतं, मात्र त्यासाठी लिव्हर ग्रिपपासून थोडी आत सरकवून बसवायची, म्हणजे बोट तिच्या टोकाच्या वळणावर येतं. हे न करता "ब्रेक लागत नाही" म्हणणारे पुष्कळ भेटतात.

खरेदीच्या आधी आपल्या सायकलचं हँडल नीट बघा. कमी किमतीच्या बऱ्याच सायकलींवर गिअरचं शिफ्टर आणि ब्रेकची लिव्हर एकाच तुकड्यात येते, शिमानोचा ईएफ५०० हा त्यातला नेहमीचा नमुना. ब्रेक बदलायला तो अख्खा तुकडा काढावा लागतो, म्हणजे शिफ्टरही वेगळे घ्यायचे. सात किंवा आठ गिअर असतील तर शिमानोच्याच आल्टस मालिकेतला एसएल-एम३१५ चालतो, पण गिअरच्या संख्येप्रमाणे मागून घ्यायचा. हा खर्च दुकानात ऐनवेळी कळतो आणि मग वादावादी होते. रोटर आणि अडॅप्टर बॉक्समध्ये आहेत का, हेही विचारून घ्या, बरेचदा ते वेगळे घ्यावे लागतात. रोटर सहा बोल्टचा की सेंटरलॉकचा (मधल्या एकाच रिंगने आवळायचा), हे हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर ठरतं. कॅलिपर पोस्ट माउंटचा आहे, म्हणजे त्याचे बोल्ट फ्रेमच्या भोकांत सरळ जातात. फ्रेमवर भोकं आडवी, चाकाच्या बाजूने आरपार असतील तर तो जुना आयएस प्रकार, त्याला अडॅप्टर लागतो.

दुसरी गोम होजची, म्हणजे लिव्हरपासून कॅलिपरपर्यंत जाणाऱ्या तेलाच्या नळीची. आपल्याकडे मोटारसायकलसारखी उजवी लिव्हर पुढच्या ब्रेकची असते. पण तेल भरून येणारे बरेच सेट उलट्या पद्धतीचे असतात: उजव्या लिव्हरला लांब होज, मागच्या चाकासाठी. डाव्या-उजव्या लिव्हर वेगळ्या असल्यामुळे नुसती अदलाबदल करून भागत नाही. होज सोडवायची, नवं ऑलिव्ह आणि इन्सर्ट (जोडाच्या आतले छोटे भाग) घालून पुन्हा जोडायची आणि ब्लीड करायचं, म्हणजे आतली हवा काढायची. "तसंच लावून देतो, सवय होईल" असं मेकॅनिक म्हणाला तर ऐकू नका. घसाऱ्यावर दचकून उजवा हात आवळला जातो तेव्हा डोकं विचार करत नसतं.

बसवणं अवघड नाही. कॅलिपरचे दोन्ही बोल्ट ५ मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीने ढिले करायचे, लिव्हर घट्ट दाबून धरायची आणि दाबलेली असतानाच दोन्ही बोल्ट थोडे थोडे, आलटूनपालटून आवळायचे. शेवटी आवळण्याचा जोर ६ ते ८ न्यूटन मीटर. मग चाक फिरवून कॅलिपरमागे पांढरा कागद धरला की रोटरच्या दोन्ही बाजूंची फट दिसते. घासल्याचा आवाज चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदाच येत असेल तर कॅलिपरला दोष देऊ नका, रोटर वाकलेला आहे. सहा बोल्टच्या रोटरला टी२५ की लागते आणि २ ते ४ न्यूटन मीटरच पुरतात. इथे जोर दाखवला की बोल्टचं डोकं जातं.

यानंतरची पायरी निम्मे लोक गाळतात. नवे पॅड पहिल्या दिवशी धरत नाहीत, पॅडचा पातळ थर रोटरवर बसावा लागतो. सपाट, रिकाम्या रस्त्यावर पंचवीसच्या वेगाने जायचं, एकच ब्रेक दाबून चालण्याच्या वेगापर्यंत यायचं, सोडायचं. असं वीस-पंचवीस वेळा पुढच्या ब्रेकने, तितकंच मागच्या. चाक लॉक करायचं नाही, पूर्ण थांबायचंही नाही. पाचव्या-सहाव्या खेपेपासून फरक हाताला कळतो. हे न करता नवे पॅड घालून थेट घाटात गेलं की ते वरच्यावर भाजून गुळगुळीत होतात, मग ब्रेक किंचाळतो आणि थांबवत मात्र नाही.

या ब्रेकची मर्यादा आहे उष्णता. माणूस आणि सायकल मिळून ९० किलो धरा आणि सिंहगडाचा उतार सुमारे ६०० मीटर उंचीचा. या उतारात साधारण ५३० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवायची असते, म्हणजे दीड लिटरहून थोडं जास्त पाणी उकळीला आणण्याइतकी. त्यातली काही हवा खाते, उरलेली दोन पातळ पोलादी चकत्यांत जाते. भरधाव सोडलं तर हवेचा वाटा वाढतो. भीतीपोटी पूर्ण उतार ब्रेक अर्धवट दाबून ठेवला तर जवळपास सगळी उष्णता रोटर आणि पॅडवर येते, त्यांना श्वास घ्यायला फुरसतच मिळत नाही. एमटी२०० बरोबर येणारे पॅड रेझिनचे (राळेत बांधलेले, मेटलच्या पॅडपेक्षा मऊ) असतात. ते शांत असतात, थंड असतानाही चांगले धरतात, पण फार तापले की पकड सोडायला लागतात. लिव्हर कडकच लागते, सायकल मात्र थांबत नाही आणि जळका वास येतो. याउलट लिव्हरच मऊ होऊन हँडलपर्यंत येत असेल तर पॅडचा प्रश्न नाही, आत हवा आहे. या दोन लक्षणांत गल्लत करून विनाकारण पॅड बदलणारे बरेच. पहिल्या दुखण्यावर उपाय एकच: वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात, थोडा वेळ दाबायचे आणि पूर्ण सोडायचे. खाली पोचल्यावर रोटरला बोट लावू नका, त्यावर बाटलीतलं पाणी तर मुळीच ओतू नका.

ग्रुपमध्ये हे जास्त जाणवतं. एकामागे एक चिकटून उतरताना पुढच्याने एकदा ब्रेक लावला की मागचे घाबरून जास्त वेळ लावतात आणि सगळ्यात शेवटच्याचे पॅड सगळ्यात आधी तापतात. तीसच्या वेगाने सेकंदाला आठ मीटरहून जास्त अंतर कापलं जातं, तेव्हा दोघांमध्ये निदान तीन सेकंद सोडा. वजनदार गड्याला मागे ठेवायची पद्धत आहे, ती मोडा. त्याला पुढे किंवा एकटं जाऊ द्या.

"मेटलचे पॅड घालू, ते तापत नाहीत" हा सल्ला हमखास मिळतो. आधी रोटर बघा. या वर्गात बहुधा आरटी२६ किंवा आरटी१० सारखे रोटर येतात आणि त्यांवर फक्त रेझिन पॅडसाठी असं कोरलेलं असतं. त्यांचं पोलाद मऊ असतं, मेटल पॅडने ते झपाट्याने झिजतात. मेटल वापरायचेच असतील तर रोटरही आरटी६६ सारखा घ्या. त्यापेक्षा आधी पुढचा रोटर १६० ऐवजी १८० मिलिमीटरचा करणं आम्हाला शहाणपणाचं वाटतं: तेवढ्याच बोटाच्या जोराला सुमारे साडेबारा टक्के जास्त पकड, आणि उष्णता पसरायला जास्त धातू. अडॅप्टर लागेल, आणि फोर्कला १८० चालतो का हे त्याच्या माहितीपत्रकात पाहून घ्यावं लागेल.

पावसाळ्यात गणित बदलतं. मुरमाचं पाणी आणि लाल चिखल म्हणजे पॅडला पॉलिश पेपरच. उन्हाळ्यात महिनोन्‌महिने टिकणारी जोडी चिखलात काही राइडमध्ये संपू शकते. पॅडवरचा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला की बदलायचा. पत्र्यावर पत्रा घासेपर्यंत थांबलात तर रोटरही गेला. रोटर नवा असताना १.८ मिलिमीटर जाड असतो, १.५ वर आला की टाकायचा. जुन्या डिजिटल व्हर्नियरने घरी मोजता येतं. मात्र रोटरच्या कडेला न झिजलेली किनार असते, तिथे मोजलं तर चुकीचा आकडा येतो, मधल्या पट्ट्यात टोकदार जबड्याने मोजा.

पॅड खराब होण्याचं सगळ्यात मोठं कारण चिखल नव्हे, तेल आहे. साखळीवर स्प्रे मारताना मागचा रोटर तिथेच असतो. गाडी धुण्याच्या सेंटरवर सायकल दिली की शाम्पूनंतर चकाकीसाठी काहीतरी फवारतात, तेही रोटरवर बसतं. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येतो. तेल प्यायलेले पॅड मात्र घासून, गॅसवर भाजून फारसे परत येत नाहीत. ते फेकाच.

आता दोन सवयी, ज्या केबलच्या ब्रेकवर खपत होत्या. पंक्चर काढायला सायकल उलटी करायची सवय. लिव्हरच्या टाकीतली हवा उलट्या सायकलमध्ये होजकडे सरकते आणि सरळ केल्यावर पहिले एक-दोन दाब पोकळ जातात. आडवी ठेवा, किंवा कुणाला तरी धरायला लावा, ग्रुप कशासाठी आहे? उलटी केलीच असेल तर निघण्यापूर्वी जागच्या जागी दहा-बारा वेळा लिव्हर दाबून कडक लागते का बघा. दुसरी सवय गाडीत सायकल घालताना पुढचं चाक काढायची. चाक नसताना कुणी लिव्हर दाबली, आणि पोरं हमखास दाबतात, तर पिस्टन बाहेर येतात आणि रोटर आत शिरत नाही. पॅडमध्ये प्लास्टिकचा स्पेसर अडकवा, नसेल तर जाड पुठ्ठ्याची घडी चालते. पिस्टन बाहेर आलेच तर पॅड काढून प्लास्टिकच्या टायर लिव्हरने सावकाश आत ढकला, स्क्रू ड्रायव्हर घालू नका.

तेलाच्या बाबतीत एकच नियम. शिमानोत मिनरल ऑइल जातं, मोटारसायकलच्या ब्रेकचं डॉट फ्लुइड चुकूनही नाही. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे डॉट असतं आणि तो ते आपुलकीने भरून देतो. त्याने रबरी सील फुगतात. या कॅलिपरचे सील कंपनी सुटे विकत नाही, त्यामुळे मग अख्खा कॅलिपर बदलण्यावाचून गत्यंतर नाही. लिव्हर थोडी मऊ झाली तर घरी करता येणारं काम एवढंच: चाक आणि पॅड काढून मध्ये ब्लीड ब्लॉक (पिस्टन मागे धरणारा प्लास्टिकचा ठोकळा) घालायचा, लिव्हर जमिनीला समांतर करायची, वरचा स्क्रू काढून फनेल बसवायचं आणि त्यात अर्ध्यापर्यंत तेल भरायचं. मग हळूहळू लिव्हर दाबत राहायचं आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने होजवर खालून वर टिचक्या मारायच्या. बुडबुडे वर येतात. ते थांबले आणि लिव्हर कडक झाली की फनेलचं बूच लावून स्क्रू परत. याने भागलं नाही तर खालून सिरिंजने तेल चढवावं लागतं, ते काम ज्याच्याकडे शिमानोचं किट आहे अशाच दुकानात करून घ्या.

वेताळ टेकडी, बोपदेव, सिंहगड, ठाण्याचं येऊर एवढ्यासाठी, ऐंशी किलोच्या आतल्या माणसाला हा ब्रेक पुरेसा आहे. त्याहून वजन जास्त असेल किंवा पाठीवर सामान घेऊन लांबलांब घाट उतरायचे असतील तर चार पिस्टनचा एमटी४२० किंवा शिमानोच्याच देओरे मालिकेतला एम६१२० बघा. टेक्ट्रोचा एचडी-एम२७५ सायकलवर आधीच असेल तर निव्वळ नावासाठी बदलू नका, तो याच पंगतीतला आहे. पाच जणांच्या ग्रुपमध्ये सगळ्यांचे ब्रेक एकसारखे असण्याचा एक फायदा लक्षात येत नाही: बी०५एस पॅडची एकच जोडी एका सॅकमध्ये ठेवली की ती कुणालाही चालते. तिच्यासोबत पॅड अडकवणारी दुपेडी पिनही ठेवा. जुनी पिन दोनदा वाकवून सरळ केली की तिसऱ्यांदा हमखास तुटते.