यूव्ही (अतिनील) कॅलिब्रेशनसाठी पेन टाइप मर्क्युरी लॅम्प घेतला, 5 पैकी 4 स्टार

परभणीला कॉलेजात फिजिक्स शिकवतो. यंदा एमएस्सीच्या पोरांनी छोट्या उपग्रहावर बसंल तसला यूव्ही स्पेक्ट्रोग्राफ (उजेड तरंगलांबीप्रमाणं फोडून नोंदवणारं यंत्र) टेबलावर उभा करायचं मनावर घेतलं. डोक्यात क्यूट होता, म्हणजे कोलोराडो विद्यापीठाचा 2021 ला वर गेलेला 6यू, म्हणजे सहा ठोकळ्यांचा क्यूबसॅट (छोटा उपग्रह), बुटाच्या खोक्याएवढा, अन बनवलेला फक्त 250 ते 330 नॅनोमीटरच्या आसपासचं बघायला. आरसे, ग्रेटिंग (उजेड फोडणारी बारीक रेघांची पट्टी), सेन्सर कसंबसं जमलं, पण कितवा पिक्सेल म्हणजे किती नॅनोमीटर हे कोण सांगणार, म्हणून ठरलेल्या तरंगलांब्यांचा उजेड, म्हणजे लाइनी, देणारा हा क्वार्ट्झ नळीचा लो प्रेशर लॅम्प ऑनलाइन मागवला, चोकसकट साडेसहा हजार.

पहिल्यांदा भलताच माल आला. जांभळा उजेड, शंभरची नोट धरली की धागा चमकायलाय, पोरं लई खुश. मला शंका आली म्हणून खिडकीच्या काचेचा तुकडा मधी धरला, तरी धागा तसाच चमकायला. तिथंच कळलं, हा नोटा तपासायचा 365 नॅनोमीटरचा ब्लॅकलाइट. आपल्याला पाहिजे ती 253.65 ची लाइन साध्या काचेतून जातच नाही. फोन केला तर विक्रेत्याचा पोरगा म्हणतोय, "सर, यूव्ही म्हणजे यूव्हीच की ओ." बदलून यायला 12 दिवस. एक स्टार तिथंच कापला.

दुसरा आला तो मात्र खणखणीत. काच आडवी धरली की नोटेची चमक जवळजवळ गेलीच. झेरॉक्सच्या दुकानात येतो तसला वास पण येतो, तो ओझोनचा, ह्याची 185 ची लाइन हवेतल्या ऑक्सिजनपासून करते, त्यामुळं खिडकी उघडी ठेवा. 253.65, 365.0, 404.7, 435.8, 546.1 सगळ्या लाइनी सुईसारख्या. पण 507 वर एक लाइन दिसायली जी कुठल्याच तक्त्यात नाही, पोरं दोन दिवस घोळात, एकानं तर लॅम्पमधे भेसळ आहे म्हणून जाहीर केलं. शेवटी तोच काचेचा तुकडा लॅम्पपुढं धरला, लाइन गायब! 253.65 ची दुसरी ऑर्डर, म्हणजे त्याच लाइनीची नक्कल होती ती, ग्रेटिंगनं बरोब्बर दुप्पट जागी टाकलेली. माझ्यासाठी पैसे तिथंच वसूल.

आता गंमत बघा, सकाळी केलेलं कॅलिब्रेशन दुपारी दीड-दोन पिक्सेल सरकलेलं. मे महिन्यात परभणीत लोखंडी स्टँड तापणारच ना. पण उपग्रह तर दर दीड-पावणेदोन तासाला ऊन-सावलीतून फिरतो, त्याचं काय होत असंल. म्हणूनच हबल ह्या अवकाश दुर्बिणीवर प्लॅटिनम-निऑनचे लॅम्प सोबतच बसवलेत. आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या यूव्हीआयटी ह्या यूव्ही दुर्बिणीच्या ग्रेटिंगसाठी वर गेल्यावर एनजीसी 40 ह्या नेब्युलाच्या (ताऱ्याभोवतीच्या चमकत्या वायूच्या ढगाच्या) लाइनी वापरल्या, म्हणजे आभाळातलाच लॅम्प. इथून खालून असं करता येत नाही, 300 च्या खालचं बहुतेक सगळं ओझोनचा थर गिळतो.

वैताग दोन. लाइट गेली की परत पंधरा-वीस मिनिटं तापू द्यावा लागतो, नाहीतर उजेड वरखाली होत राहतो, इन्व्हर्टरवर घ्या. अन नळीला बोट लावलं तर आयसोप्रोपिलनं पुसा, बोटाचं तेल यूव्हीत भाजून चिकटून बसतं. उपग्रहवाले क्लीनरूममधे एवढे सोवळ्यात का वागतात ते कळतं.

अजून एक, ह्याच्यावर फक्त लाइनीची जागा कळते, किती उजेडाला सेन्सरवर किती काउंट (आकडा) हे ह्याच्याकडून विचारू नका. त्याला सर्टिफिकेटवाला ड्युटेरियम लॅम्प लागतो, वर गेल्यावर व्हाइट ड्वार्फ (श्वेतबटू) तारे. ड्युटेरियमचं कोटेशन प्राचार्यांच्या टेबलावर ठेवून आलोय, ते अजून किंमतच बघायलेत.

घेणार असाल तर ऑर्डर करताना "क्वार्ट्झ, 254" असं लिहून घ्या, अन उघड्या डोळ्यानं बघू नका, आम्ही पत्र्याच्या डब्यात बसवलाय, फटीएवढंच भोक ठेवून.