पृथ्वी की एनसीपीए?

भाचीला मुंबईत एकच संध्याकाळ मोकळी मिळतेय. जुहूचं पृथ्वी थिएटर गाठावं की नरिमन पॉइंटचं एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स हे कलाकेंद्र), यावर तिचं अडलंय.

जवळून नाटक पाहण्यात पृथ्वीला तोड नाही. १९७८ पासूनचं हे जेमतेम दोनशे खुर्च्यांचं नाट्यगृह, तिन्ही बाजूंना प्रेक्षक. पुढच्या रांगेतून नटाच्या कपाळावरचा घाम दिसतो, संवादाआधी घेतलेला श्वास ऐकू येतो. मात्र तिसरी घंटा झाली की दार बंद म्हणजे बंद.

एनसीपीएचं टाटा थिएटर १९८० चं, हजारावर आसनांचं. त्याची श्रीमंती ध्वनिरचनेत आहे. गवयाचा हलका सूरही मागच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचतो.

पार्ले स्टेशनहून पृथ्वीला रिक्षा मिळते. एनसीपीएसाठी चर्चगेट स्टेशनला उतरलं की रिक्षा नाहीच, टॅक्सी करा नाहीतर चाला.

खाण्यापिण्यात मी पृथ्वीकडेच झुकेन. प्रयोगानंतर कॅफेत सुलेमानी चहा घेत वाद घालताना निम्मं नाटक नव्यानं कळतं.

तेव्हा नाटक आणि गप्पा हव्या असतील तर पृथ्वी. शास्त्रीय गाणं किंवा सिम्फनी ऐकून मरीन ड्राइव्हवर शांतपणे चालायचं असेल, तर एनसीपीए.