सीएनसी क्लास: पोरांना मोजता येतंय, बांधता येत नाही

गोकुळ शिरगावला आमचं छोटं मशीनशॉप आहे. दोन सीएनसी टर्निंग (कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणारी लेथ), एक व्हीएमसी (तसंच उभं मिलिंग मशीन), अकरा माणसं. मशीन ह्यांच्याकडं, हिशेब, पगार आणि माणसं शोधणं माझ्याकडं. त्यातलं शेवटचं कामच सगळा दिवस खातं. म्हणून आमच्या खर्चानं दोन पोरं जवळच्या एका खासगी सीएनसी क्लासला घातली. क्लासचं नाव लिहीत नाही. खाली तक्रारी आहेत, आणि चालवणारे सर रोज चहाच्या टपरीवर भेटतात. तीन महिने, संध्याकाळी सहा ते आठ, माणशी १८ हजार फी. पाचात साडेतीन स्टार.

मोजमाप शिकवणारे गृहस्थ एका कारखान्याच्या क्वालिटीतून निवृत्त झालेत. पहिले पंधरा दिवस त्यांनी पोरांना मशीनला हात लावू दिला नाही. व्हर्नियर, मायक्रोमीटर, बोअर (जॉबचं भोक) मोजायचा गेज, एवढंच. एकाच जॉबचं, म्हणजे मशीनवर कापलेल्या तुकड्याचं, माप तिघांनी घ्यायचं, वहीत लिहायचं, फरक आला तर का आला ते सांगायचं. आमचा कणेरीचा पोरगा क्लास करून आल्यावर मी ऑफिसच्या काचेतून बघत होते. जॉब चकमधून (मशीनच्या पकडीतून) काढला, हवा मारली, बोअर पुसला, आणि गेज हातात घेऊन नुसता उभा. म्हटलं, "काय रं, झोप लागली काय?" तर म्हणतो, "वहिनी, जॉब गरम हाय. आत्ता मोजला तर साइज खोटी दावंल." आमच्याकडं सहा वर्षं झालेला गडी गरम जॉब मोजूनच ऑफसेट (मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती) टाकायचा. थंड झाल्यावर बोअर लहान भरला की इन्सर्टला (टूलच्या कापणाऱ्या पात्याला) शिव्या. त्या एका वाक्यात माझे निम्मे पैसे वसूल झाले.

आता तक्रार. क्लासमध्ये कापायला मिळतो तो एमएसचा (साध्या पोलादाचा) गोल बार. सरळ, गुळगुळीत, चकमध्ये घातला की बसला. आमच्याकडं येतं ते कास्टिंग, साच्यात ओतलेला धातू. कोल्हापूर, शिरोली, कागल, हा सगळा पट्टाच फाउंड्रीचा. कास्टिंगचा एक अंग जाड, एक बारीक. कुठं वाळू अडकलेली, कुठं चिल लागलेली (लवकर थंड होऊन कडक झालेला भाग), इन्सर्टची धार एका फेरीत उडते. ते बांधायचं कसं, तीन ठिकाणी टेकवायचं कुठं, सॉफ्ट जॉ (चकचे मऊ जबडे) जॉबच्या मापाला कापून कसे घ्यायचे, किती दाबलं की पातळ रिंग चकमध्येच लंबगोल होते, यातलं अवाक्षर तीन महिन्यांत नाही. प्रोग्रॅम मात्र भरपूर. कागलचा पोरगा जी-कोड (मशीनला द्यायच्या आज्ञा) घडाघडा म्हणून दाखवायचा आणि पहिल्याच दिवशी त्यानं रिंग इतकी आवळली, की चकमध्ये माप बरोबर आणि काढल्यावर जॉब भंगारात.

माणसं नाहीत म्हणून इकडं सगळे ओरडतात, पण कुठली माणसं नाहीत ते कुणी नीट सांगत नाही. बटण दाबून जॉब काढणारा ऑपरेटर आठवड्यात मिळतो. नवा जॉब आला की ड्रॉइंग वाचून, जॉ कापून, टूल लावून पहिला पीस पास करून देणारा सेटर मिळत नाही. क्लास तयार करतो ऑपरेटर आणि पाटीवर लिहितो 'सेटर-प्रोग्रॅमर'. ही पाटी बदलली तरी मी अर्धा स्टार वाढवीन.

सरकारी वाटही करून बघितली. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत एक आयटीआयवाला घेतला होता. महिन्याला ८,००० विद्यावेतन सरकारकडून, मुदत सहा महिने. पोरगा चांगला होता, पण सहा महिन्यांत सेटर होत नाही, हे कुठल्याही फिटरला विचारा. अप्रेंटिस घेतला तर मुदत लांब मिळते, विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, जास्तीत जास्त १,५०० रुपये महिना, केंद्र उचलतं. लहान शॉपला ते परवडतं, फक्त पोर्टलवर बसायला माझ्यासारखं कुणीतरी रिकामं पाहिजे.

आणि हो, कागलचा गेला. सर्टिफिकेट हातात पडल्यावर दीड महिन्यानं चाकणला. तिकडं पगार जास्त, कंपनीची बस, कँटीन. ह्यांनी दोन दिवस तोंड फुगवलं: "आपण फी भरायची आणि पुण्याला माणूस द्यायचा!" मी काही बोलले नाही. माझा सख्खा भाऊपण असाच गेलाय. पण आता फी एकदम भरत नाही. निम्मी आधी, निम्मी पोरगा वर्षभर टिकल्यावर त्याच्या हातात. तोवर ती त्यानं घालायची. कणेरीचा राहिलाय, त्याच्या घरी दोन म्हशी आहेत, हेही कारण असेल.

तुम्ही पाठवणार असाल तर पोरगं आधी आपल्या शॉपवर दोन-तीन महिने राहू द्या, मग घाला. कोरं पोरगं तिथं नुसते कोड पाठ करून येतं.

परवा टपरीवर सरांना म्हटलं, "सर, कास्टिंगवर शिकवा की." म्हणाले, "वहिनी, इन्सर्ट किती फुटतील, खर्च कोण देणार?" जूनच्या बॅचला आमचा तिसरा पोरगा जातोय. त्याच्याबरोबर रिजेक्ट झालेल्या कास्टिंगचं एक क्रेट आणि इन्सर्टची एक डबी पाठवतेय. सॉफ्ट जॉ सरांनी घालायचे, असं ठरलंय.