'काका, तुमचा सेटच जुना आहे': जुन्या रिगच्या साउंड इंटरफेसमध्ये झालेली फसवणूक

जुन्या रिगला, म्हणजे रेडिओ सेटला, कॉम्प्युटर जोडायचा तयार डबा (साउंड इंटरफेस) विकणारा एक गृहस्थ सध्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींत फिरतोय. 'दोन्ही बाजूंना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, पीटीटीला ऑप्टोकपलर, प्लग लावा की एफटी-८ सुरू' अशी त्याची जाहिरात. ट्रान्सफॉर्मर आणि ऑप्टोकपलर सिग्नल पलीकडे देतात, पण दोन्ही बाजूंच्या तारा एकमेकींना जोडत नाहीत; पीटीटी म्हणजे ट्रान्समिट सुरू करायची तार, आणि एफटी-८ म्हणजे कॉम्प्युटरवरून छोटे डिजिटल संदेश पाठवायची पद्धत. माझे साडेचार हजार त्याच्याकडे गेले. नाव लिहीत नाही, नाव तो बदलतोच. पद्धत मात्र तीच राहील, म्हणून ती सांगतो.

माझ्याकडे केनवूडचा टीएस-४४०एस आहे. १९८०च्या दशकातला सेट, पण मागे १३ पिनांचं एसीसी-२ सॉकेट असल्यामुळे डिजिटलसाठी सोयीचा. ३ नंबरच्या पिनवर रिसीव्हरचा ऑडिओ मिळतो आणि व्हॉल्यूमचा नॉब फिरवला तरी त्याची पातळी हलत नाही. ११ नंबरवर कॉम्प्युटरचा ऑडिओ द्यायचा. ९ नंबर ग्राउंड केली की सेट ट्रान्समिटवर जातो आणि माईक आपोआप बंद होतो. फोनवर हे सगळं त्या माणसाने मला घडाघडा सांगितलं. आपली रिग इतकी ओळखणाऱ्यावर कोण संशय घेईल?

पैसे आधी, यूपीआयवर. 'वायरिंग तुमच्या सेटप्रमाणे करतोय काका, त्यामुळे परत घेता येणार नाही.' कॅट केबलचे, म्हणजे कॉम्प्युटरवरून रिग चालवायच्या तारेचे, आणखी आठशे. बिल मागितलं तर 'पार्सलमध्ये टाकतो' म्हणाला. पार्सलमध्ये बिल नव्हतं. काळा डबा होता, चारही स्क्रूंच्या डोक्यांवर एपॉक्सी आणि वर 'उघडल्यास वॉरंटी नाही' असा स्टिकर.

रिसीव्ह पहिल्याच संध्याकाळी चाललं. ७.०७४ मेगाहर्ट्झवर वॉटरफॉल, म्हणजे स्क्रीनवरचा सिग्नलांचा सरकता पट्टा, भरून गेला, स्टेशनं डीकोड होत होती. रडकथा ट्रान्समिटला सुरू झाली. सोलापूरच्या एका ओएमनी (हॅम मित्राने) कळवलं की माझ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पुसट जोडरेषा दिसताहेत, सिग्नलमध्ये हम, म्हणजे विजेची घरघर, आहे. पॉवर चाळीस वॉटच्या वर नेली की विंडोज यूएसबी निघाल्याचा आवाज करायचं, साउंड कार्ड यादीतून गायब व्हायचं, आणि कधीकधी सॉफ्टवेअर थांबलं तरी रिग ट्रान्समिटवरच अडकून राहायची. एफटी-८ मध्ये १५ सेकंदांच्या फेरीत १२.६४ सेकंद सलग कॅरिअर जातो. त्यात पीटीटी अडकली तर पॉवर देणाऱ्या फायनल ट्रान्झिस्टरचं काय होईल, हे सांगायला नको.

फोन केला. खरी हातचलाखी इथे आहे. तो म्हणाला, '४४०ला पीएलएलचा आजार असतोच काका, व्हीसीओमधला गोंद खराब होतो. आधी सेट दुरुस्त करून घ्या.' पीएलएल आणि त्यातला व्हीसीओ म्हणजे सेटची फ्रिक्वेन्सी जागेवर धरणारं सर्किट. आता हा आजार खरा आहे. जुना झाला की तो गोंद वीज वाहू लागतो, पीएलएल अनलॉक होतो आणि डिस्प्लेवर आकड्यांच्या जागी नुसते ठिपके येतात. पण तेव्हा सेट मुका होतो, हम देत नाही. माझ्या डिस्प्लेवर आकडे ठणठणीत होते. खोट्यात अर्धं खरं मिसळून बोलणारा माणूस निव्वळ थापाड्यापेक्षा महागात पडतो, आणि जुन्या रिगवाल्यांना तो नेमका हेरतो. चाळिशीतल्या सेटवर काहीही खापर फोडा, मालक निम्मं मान्य करूनच बसलेला असतो. मीही दुरुस्तीवाल्याकडे रिग न्यायला निघालोच होतो.

जाता जाता लॅपटॉपचा चार्जर काढून बघितला. हम बंद. चार्जर लावला, पुन्हा सुरू. मध्ये खरोखर ट्रान्सफॉर्मर असता तर चार्जरच्या अर्थिंगचा रिगपर्यंत संबंध यायलाच नको. मल्टीमीटर बझरवर टाकून एक काडी यूएसबीच्या पत्र्याला आणि दुसरी एसीसी-२ मध्ये जाणाऱ्या डिन प्लगच्या ४ नंबरला, म्हणजे ग्राउंडला लावली. टूंऽऽ! म्हणजे दोन्हीकडचं ग्राउंड आतून थेट जोडलेलं.

मग स्क्रूंवर सोल्डरिंग गनचं टोक टेकवून एपॉक्सी मऊ केलं आणि डबा उघडला. आत स्वस्तातला यूएसबी साउंड डोंगल, प्लॅस्टिक सोलून बसवलेला. ट्रान्सफॉर्मर दोन होते, अगदी फोटोतल्यासारखे, ग्लू गनने चिकटवलेले. बोर्ड उलटा केला तर त्यांच्या एकाही पायाला सोल्डर नाही. बाजूने दोन लाल वायरी सरळ इकडून तिकडे. ऑप्टोकपलरच्या जागी साधा एनपीएन ट्रान्झिस्टर, त्याचं एमिटर दोन्हीकडच्या एकाच ग्राउंडला. पैसे वाचवायला ट्रान्सफॉर्मर गाळले असते तर एक वेळ समजलं असतं. ते विकत आणून नुसते शोभेला लावले याचा मला जास्त राग आला.

कॅट केबलची कथा छोटी आहे. ४४०एसला कॉम्प्युटरवरून चालवायचं तर आत आयसी-१० नावाचा दोन चिपांचा संच बसवलेला लागतो. माझ्यात तो नाही, आणि विकताना त्याने विचारलंही नाही. शिवाय केबलमधली चिप इतकी जुनी की डिव्हाइस मॅनेजरमध्ये '२०१२ पासून बंद, विक्रेत्याशी संपर्क साधा' असं आलं. विक्रेता तोवर फोन उचलेनासा झाला होता.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर तक्रार द्यायला गेलो तर वस्तू हातात मिळाली आहे म्हटल्यावर ग्राहक हेल्पलाइनकडे, १९१५ वर पाठवलं. तिथे नोंद झाली आहे, पण बिल नाही, जीएसटी नंबर नाही, पत्ता कुरिअरच्या चिठ्ठीवरचा अर्धवट. बँकेचं म्हणणं, पैसे तुम्हीच पिन टाकून पाठवलेत.

डबा आता मी दुरुस्त केलाय. भंगारातल्या डायल-अप मोडेम कार्डांवरचे ६००:६०० ट्रान्सफॉर्मर, पीसी८१७ ऑप्टोकपलर, दोन-तीन रेझिस्टर. मोडेम कार्ड नसेल तर पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला शोधा. सगळा खर्च काही शेकड्यांत बसतो. हम गेला, यूएसबी पडत नाही.

तरी कुणाला तयारच घ्यायचा असेल तर पैसे पाठवण्याआधी विक्रेत्याकडून झाकण उघडं ठेवून, बझरसकट व्हिडिओ मागवा. यूएसबीच्या पत्र्यापासून रिगच्या ग्राउंडपर्यंत वाजता कामा नये. ऑडिओच्या एका बाजूच्या पिनपासून दुसऱ्या बाजूच्या पिनपर्यंतही वाजता कामा नये. बोर्डाची खालची बाजूही दाखवायला सांगा. 'ते आमचं डिझाइन सिक्रेट आहे' असं उत्तर आलं, तर तो बहुधा हाच माणूस.