पोलोच्या पुढच्या चाकांना दहा मिलिमीटरचे स्पेसर : एकदा चुकलेली आणि एकदा जमलेली खरेदी

चाकणच्या कारखान्यात 2022 पर्यंत तयार झालेल्या फोक्सवॅगन पोलो गाड्या पुण्यात आजही मोठ्या संख्येने दिसतात, आणि त्यांपैकी बऱ्याच गाड्यांची चाके मालकांनी बदललेली असतात. माझ्या पोलोला मूळची 15 इंची, 6 जे (म्हणजे 6 इंच) रुंदीची, ईटी 40 ऑफसेटची चाके होती. ती काढून मी त्याच कंपनीची 16 इंची, 7 जे, ईटी 46 ची वापरलेली अलॉय बसवली आणि पुढच्या शॉकअबसॉर्बरच्या नळीपासून टायर जेमतेम बोटभर अंतरावर आला. स्पेसर, म्हणजे चाक ज्यावर बोल्टांनी बसते तो हब आणि चाक यांच्या मध्ये घालायची धातूची चकती, घेण्याचे कारण एवढेच होते. गाडी रुंद दिसावी म्हणून स्पेसर लावणाऱ्यांशी माझे भांडण नाही, मात्र त्यांनी हे परीक्षण वाचण्याआधी आपल्या चाकाच्या आतल्या बाजूला कोरलेला ईटीचा आकडा एकदा पाहून घ्यावा.

या आकड्याचा अर्थ सोपा आहे. चाकाच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारा पृष्ठभाग यांच्यातील मिलिमीटरमधले अंतर म्हणजे ऑफसेट. तो जितका जास्त, तितके चाक गाडीच्या आत सरकते. मूळ चाकाची आतली कड हबच्या पृष्ठभागापासून सुमारे 116 मिलिमीटर आत होती, तर नव्या चाकाची सुमारे 135 मिलिमीटर, म्हणजे जवळपास 19 मिलिमीटर जास्त आत. दहा मिलिमीटरचा स्पेसर घातला की ईटी 46 चा ईटी 36 होतो, म्हणजे चाकाचा मध्य मूळ जागेपेक्षा केवळ चार मिलिमीटर बाहेर येतो. बेअरिंगवर वाढणारा भार आणि स्टीअरिंगच्या वागण्यातला फरक या चार मिलिमीटरांवर ठरतो, स्पेसरच्या जाडीवर नव्हे. मूळ चाकांनाच वीस-पंचवीस मिलिमीटरचे स्पेसर लावणाऱ्याचे गणित अगदी वेगळे असते. तिथे बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि खड्ड्यातून जाताना स्टीअरिंग हातातून ओढल्यासारखे होते.

पहिली खरेदी मी इंटरनेटवरच्या एका विक्रेत्याकडून केली. पाकिटावर ‘5 बाय 100, युनिव्हर्सल’ असे लिहिले होते आणि मी त्यातल्या पहिल्याच भागावर समाधान मानले, कारण पोलोच्या पाच बोल्टांचे वर्तुळ खरोखरच 100 मिलिमीटरचे असते. मधल्या भोकाकडे माझे लक्ष गेले नाही. पोलोच्या हबचा मधला कडा 57.1 मिलिमीटरचा असतो. त्या स्पेसरचे भोक 73.1 मिलिमीटरचे होते आणि त्याला स्वतःचा कडाही नव्हता, त्यामुळे ना स्पेसर हबवर मध्यभागी बसणार होता, ना चाक स्पेसरवर. स्पेसरसोबत आलेले बोल्ट आट्यांना बरोबर म्हणजे एम 14 बाय 1.5 (14 मिलिमीटर व्यास, आट्यांमधले अंतर 1.5 मिलिमीटर) होते, परंतु त्यांची बैठक शंकूच्या आकाराची होती. फोक्सवॅगनच्या मूळ चाकांमध्ये बोल्टची बैठक गोलाकार, चेंडूच्या पृष्ठभागासारखी असते. शंकूचा बोल्ट त्या वाटीत एका बारीक रेषेवरच टेकतो. हाताला तो घट्ट लागतो, पण थोडे अंतर धावल्यावर सैल होऊ शकतो.

टायरच्या ज्या दुकानात मी ते चारही बाजूंना बसवून घेतले, तिथल्या मुलाने हवेच्या गनने बोल्ट आवळले आणि “साहेब, आता हलत नाही बघा,” असे खात्रीने सांगितले. मागचे चाक हाताने फिरवल्यावर मात्र ड्रममधून ‘कर्र’ असा आवाज आला. सोबतचे बोल्ट 45 मिलिमीटर लांब होते आणि आपल्याकडच्या पोलोला मागे ड्रम ब्रेक असतात. जास्त लांबीचा बोल्ट हबमधून आरपार जाऊन हँडब्रेकच्या यंत्रणेला घासत होता. त्या आवाजाकडे दुर्लक्ष करून गाडी तशीच नेली असती तर काय झाले असते, याचा विचार आजही नकोसा वाटतो. मागचे स्पेसर तिथेच काढायला लावले. पुढचे तसेच ठेवले, ही माझी चूक. महामार्गावर ताशी 80 किलोमीटरला स्टीअरिंग थरथरू लागले आणि पुन्हा बॅलन्सिंग करूनही ते थांबले नाही, कारण दोष चाकात नव्हता, चाकाच्या केंद्रात होता.

दुसऱ्या वेळी मी फोर्ज केलेल्या ॲल्युमिनियमचे, 57.1 चे अचूक भोक आणि बाहेरच्या बाजूला तेवढाच कडा असलेले, केवळ पुढच्या दोन चाकांसाठीचे स्पेसर घेतले. त्यांची पहिली परीक्षा स्वयंपाकघराच्या ओट्यावर झाली: व्हर्नियरने पाच ठिकाणी जाडी मोजली, आणि चाकाच्या मागच्या बाजूने स्पेसर बसवून पाहिला तेव्हा तो थोडा जोर दिल्यावर सरकला व सोडल्यावर डगमगला नाही. तीन किंवा पाच मिलिमीटरच्या पातळ स्पेसरला हा कडा देण्याइतकी जागाच नसते, म्हणून मी त्यांच्या वाटेला गेलो नाही. बोल्टांची निवड त्याहून काळजीपूर्वक केली. माझ्या मूळ बोल्टची बैठकीखालची लांबी 27 मिलिमीटर भरली, त्यामुळे गोल बैठकीचे आणि 37 मिलिमीटरचे बोल्ट मागवले, जेणेकरून हबमध्ये जाणारे आटे मूळ इतकेच राहतील. कमी आटे धोक्याचे आहेतच, पण जास्त आटेही सुरक्षित नसतात, हे ड्रमच्या त्या आवाजाने मला शिकवले होते.

बसवणूक या वेळी एका ओळखीच्या मेकॅनिककाकांकडे, अर्धा दिवस हाताशी ठेवून करून घेतली. डिस्कवर नऊ वर्षांचा गंज होता. तो त्यांनी तारेच्या ब्रशने खरवडून हबचा कडा चकचकीत केला, डिस्क धरून ठेवणारा छोटा स्क्रू पृष्ठभागाच्या आत बसला आहे ना, हे बोट फिरवून पाहिले, आणि कड्याला ग्रीसचा अगदी पातळ थर दिला. आट्यांना ग्रीस लावायला मात्र त्यांनी ठाम नकार दिला, आणि तो योग्यच होता, कारण चाकाचा भार बोल्टच्या दांड्यावर नव्हे तर एकमेकांवर दाबलेल्या पृष्ठभागांच्या घर्षणावर पेलला जातो आणि तो दाब ठरवणारा टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, कोरड्या आट्यांसाठीच दिलेला असतो. प्रत्येक बोल्ट आधी हाताने शेवटपर्यंत फिरवून मग टॉर्क पान्याने 120 न्यूटन मीटरवर, एक सोडून एक या क्रमाने आवळला. गन बाहेर काढलीच नाही. सुमारे 80 किलोमीटर धावल्यानंतर पुन्हा तपासले, तेव्हा एका बोल्टने पान्याचा खटका वाजण्याआधी किंचित फिरकी घेतली. म्हणून ही दुसरी फेरी चुकवू नये.

आठ महिन्यांनंतर स्थिती अशी आहे की थरथर नाही, टायर आत घासत नाही, आणि पूर्ण वळणावरही मडगार्डच्या कडेला धक्का लागत नाही. चाक रुंद असल्यामुळे बाहेरची कड मूळपेक्षा सुमारे 17 मिलिमीटर बाहेर आली आहे, त्यामुळे पावसाळ्यात दाराच्या खालच्या भागावर चिखल अधिक उडतो. मागची चाके पुढच्यांपेक्षा थोडी आत दिसतात; हे मला चालते, सर्वांना चालेल असे नाही. कायद्याची बाजू कुणी हलक्याने घेऊ नये: मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यावर बंधन आहे. मी चाकांचा आणि स्पेसरचा तपशील विमा कंपनीला लेखी कळवून तिचे उत्तर गाडीच्या कागदपत्रांत ठेवले आहे.

मला सर्वांत उशिरा सुचलेली गोष्ट स्टेपनीची. पुढचे चाक पंक्चर झाले तर स्पेसर काढून स्टेपनी लावताना हाती 37 मिलिमीटरचेच बोल्ट उरतात, आणि ते स्पेसरशिवाय आवळले की हबच्या मागे दहा मिलिमीटर जास्त बाहेर निघतात. म्हणून पाच मूळ बोल्ट कापडी पिशवीत घालून ते जॅकला बांधून ठेवले आहेत आणि पिशवीवर मार्करने ‘पुढची स्टेपनी’ असे लिहिले आहे.